दोन सॉफ्टवेअर आणि माझा धडा

हसू नका, पण स्वरलेखनाच्या दोन सॉफ्टवेअरपैकी कुठलं घ्यावं, या काळजीनं मला चार रात्री झोप नव्हती. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाक सांभाळत मी पियानो शिकवायचे, आणि माझ्या अक्षरातले धडे मुलांना वाचता येत नव्हते. शेवटी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन बारामतीला कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. लेक माझ्याकडेच शिकत होती.

"ताई, दोन्ही चांगली हायत. तुमचाच एक धडा घालून बघा की."

घातला. दोन्हींनी तो न अडखळता वाजवला. मी आणखीच गोंधळले.

"आता कसं ठरवायचं?"

लेक म्हणाली, "आई, दोन्ही चुकली. तिसऱ्या ओळीनंतर थांबून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात ना."