मध्यावरचा काटा

मेकॅनिक : ...आणि आता ही पट्टी इंजिनच्या हेडवर आडवी धरतो. बघा, खालून उजेड दिसतोय. हेड वाकलंय. गॅस्केट जळालं आणि ऑइलमध्ये पाणी शिरलं.

नवरा : म्हणजे इंजिन गेलंच म्हणा.

मेकॅनिक : ब्लॉकला तडा नाही, एवढं नशीब. दोन पिस्टन मात्र बदलावे लागतील. जुनी व्हॅन आहे, इतकी तापेपर्यंत चालवली कोणी?

नवरा : हिने. शाळेची अकरा मुलं आत, आणि बाईसाहेबांचं लक्ष कुठे होतं कोण जाणे! तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला तरी दिसत नाही.

बायको : काटा मध्यावर होता. आठ दिवस घसा कोरडा करून तेच सांगतेय. वाफ दिसली तशी थांबले, आधी मुलं उतरवली.

नवरा : ऐका! काटा मध्यावर आणि इंजिन भाजून निघालं.

मेकॅनिक : ताई खरं बोलताहेत. इंजिनकडून काट्याला येणारी तार कुणीतरी कापलीय. तिथे हा एवढासा रेझिस्टरचा तुकडा जोडलाय. इंजिन पेटलं तरी काटा आपला मध्यावर. माझ्या हातचं काम नाही हे.

(नवरा उगाच खिसे चाचपू लागतो.)

बायको : अहो, तुमच्याकडे बघतेय मी.

नवरा : मागच्या महिन्यात गिऱ्हाईक येणार होतं ना गाडी बघायला. काटा सारखा चढायचा. म्हटलं, ते बघून जाईपर्यंत...

बायको : ते आलंच नाही.

नवरा : मग काढायचं राहून गेलं. विसरलो गं.

बायको : वाफ निघाली त्या दिवशीही?

नवरा : ...त्या दिवशी आठवलं.

बायको : आठवलं! आणि तरी घरोघरी जाऊन सांगितलंत, बायको हलगर्जी आहे, पुन्हा गाडीला हात लावू देणार नाही. मला शेजारी उभं करून! व्हॅनमधल्या सगळ्यांत धाकटीच्या आईने माझ्या तोंडावर दार लावलं.

नवरा : माझं नाव खराब झालं असतं तर धंदाच बसला असता. तुला लोक चार दिवस बोलतील, विसरतील.

बायको : सहा वर्षं चालवतेय मी. साधा आरसासुद्धा कधी घासला नाही कुठे.

मेकॅनिक : मी जरा बाहेर थांबतो.

बायको : थांबा. तो तुकडा कागदात गुंडाळून द्या मला.

नवरा : अगं, घरी जाऊन बोलू.

बायको : घरी नंतर. आधी त्या धाकटीकडे जायचं. बेल तुम्ही वाजवायची.