चेहरा कापला, हात राहिले

नाचणगावकर मंडळी, निर्मलाताई,

तुम्ही सगळे सुभद्राबाईंच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. मी मुंबईचा, अधूनमधून येणारा. तरी त्यांच्या लेकीनं, निर्मलाताईंनी, मला या शोकसभेत बोलायला सांगितलं. माझं काम टीव्हीच्या बातम्यांची फिल्म कापून जोडण्याचं. दुसऱ्याचं बोलणं कापण्यात जन्म गेला. स्वतः बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

सहा वर्षांपूर्वी आम्ही इथे महारोगावर बातमी करायला आलो. औषधानं माणूस पूर्ण बरा होतो, एवढंच सांगायचं होतं. सुभद्राबाई तर केव्हाच्या बऱ्या झालेल्या. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकलेली राहिली होती. त्या हो म्हणाल्या, पण एक अट घातली. "भाऊ, माह्या पोरीची आर्वीले सोयरीक जुळून राह्यली. माहं तोंड दिसू नाई पाह्यजे."

मी शब्द दिला. आणि मंडळी, शब्द पाळलाही. मुंबईला टेबलावर बसलो, कात्री घेतली, जिथे जिथे चेहरा होता तिथे तिथे पट्टी कापली. एका ठिकाणी अर्धा कान दिसत होता, तोही कापला. आवाजसुद्धा ठेवला नाही. ठेवले फक्त हात, भाकर थापणारे. ती वाकलेली बोटं परातीत अशी काही फिरत होती की कापायला माझा हात धजेना. नऊ सेकंद ठेवले. बातमीत नऊ सेकंद म्हणजे चैन. मी स्वतःवर खूश होतो.

आम्हा शहरातल्या लोकांना वाटतं, माणूस म्हणजे त्याचा चेहरा. त्या हातावर गोंदलेला विंचू होता. लहानपणी गोंदून घेताना त्यांनी हात ओढला, म्हणून त्याची नांगी पार मनगटापर्यंत घसरलेली. आर्वीच्या पाहुण्यांनी तो हात पाहिला होता. बोटं भाजली होती, असं त्यांना सांगितलेलं. मला हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं का? नाही विचारलं.

बातमी लागली आणि त्याच आठवड्यात आर्वीहून निरोप आला. सोयरीक मोडली.

मला पत्र आलं. सांगणारी आई, लिहिणारी लेक. मी धावत आलो. माफीचे शब्द गाडीत जुळवून ठेवले होते. सुभद्राबाईंनी बोलूच दिलं नाही. पाट दिला आणि म्हणाल्या, "तुमी लपवलं, मीनंई लपवलं. म्हणून लोकायले वाटलं, लाजायसारखं काई हाये. काऊन लाजू मी? आता तोंड दाखवा."

मी म्हणालो, मावशी, पोरीचा विचार करा.

"पोरीलेच इचारलं," त्या म्हणाल्या. निर्मलाताई चुलीपाशी होत्या. त्यांनी मान हलवली.

मग दुसऱ्यांदा फिल्म केली. भर उन्हात ओसरीवर बसून, थेट कॅमेऱ्यात पाहून त्या बोलल्या. "मले महारोग झाल्ता. गोया खाल्ल्या. बरी झाली." त्या बोलण्याला मी कुठेही कात्री लावली नाही. वरिष्ठ ओरडले. ओरडू दिलं.

आर्वीची माणसं परत आली का? नाही आली. गोड शेवट जोडता येतो मला, पण तो खोटा होईल. पुढे कोणी मुलगी पाहायला आलं, की या बाई चहा हातात देण्याआधीच सांगायच्या. "मले महारोग झाल्ता. आता बरी हावो. च्या घ्याचा तं घ्या." दोन घरांनी कपाला हात लावला नाही. तिसरं घर नालवाडीचं. त्यांनी चहा घेतला, वर आणखी मागितला. जावई इथेच बसले आहेत.

माझी चूक या मायलेकींनी दोन वर्षं सोसली. त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही. आता विचारायला त्या नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

सोमवारी छातीत कळ आली आणि त्या गेल्या. आज इथे आलो तर कोणीतरी बाजूला घेऊन सांगितलं, साहेब, त्या रोगाचं नाव काढू नका, बरं दिसत नाही. मी काढलं. त्यांनी स्वतः काढलं होतं.

आता दोन मिनिटं उभे राहू या. अशा वेळी आपण माना खाली घालतो. आज घालू नका. समोर सुभद्राबाईंचा फोटो आहे. त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहू या.