नानांच्या नावाची पाटी

घाम फुटणं म्हणजे काय, ते मला विचारा! आमच्या एरंडोलकडच्या शाळेला गावातल्या म्हाताऱ्या नानांनी मृत्युपत्रात रस्त्यालगतचं शेत लिहून दिलं. मी हेडमास्तर, खुशीत नव्या सभागृहाला त्यांचंच नाव दिलं आणि पाटीचा पडदाही त्यांनाच ओढायला लावला. पाहतो तर काय, दिवंगत देणगीदारांच्या पाट्या रंगवून हात बसलेल्या पेंटरने सवयीने नावाआधी 'कै.' लिहिलेलं!

नानांनी खिशात हात घातला. म्हटलं, आता मृत्युपत्र काढून फाडणार, गेलं शेत. पण निघाला चष्मा. तो लावून त्यांनी पाटी सावकाश वाचली.

"नाना, आत्ता पुसतो!" मी हात जोडले.

"कशाले? ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "रंग तेवढा पक्का शे ना? माले घाई नही."