ओल्या चुन्यावरची हरणाबाई

मी, बिरदेव आकाराम कोळेकर, वय २४ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा – सोने-चांदी गलाई, सध्या कोइमतूर, मूळ रा. धुळोबावाडी, जि. सांगली. यात्रा समितीचे अध्यक्ष नानासो कोळेकर यांच्या तक्रारीवरून बोलावल्याने ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी यात्रेसाठी रजेवर गावी आलो आहे. मला चित्रे काढण्याचा नाद आहे. आमच्याकडे देवळाच्या भिंतीवर समितीने मंजूर केलेलेच चित्र काढायचे असते, म्हणजे देव, घोडा नाहीतर मेंढरे. मी न विचारता गजी नाच, म्हणजे ढोलावरचा धनगरी नाच काढला. नाचणाऱ्या सगळ्या बायकाच काढल्या, पुरुष एकही नाही. ढोल हरणाबाईंच्या गळ्यात दिला. हरणाबाई या तक्रारदारांच्या आई आहेत.

नानासो तात्या म्हणाले, "बायका गजीत कवा नाचल्या रं?"

मी म्हणालो, "हरणाआजीलाच इचारा की."

त्यांनी विचारले नाही. चित्रावर चुना मारून घेतला.

आमच्या देवळाला चुन्याशिवाय दुसरे काही लावत नाहीत, ऑइलपेंट तर नाहीच. चुना ओला होता तोवर मी त्यावरच गेरू आणि काजळीने चित्र परत काढले. चुना वाळताना रंग धरून बसला. समितीने पाणी मारून घासले, पण निघाला नाही. म्हणून परत चुना मारला. मी परत काढले. दर खेपेला चित्र आणखी बरे येत गेले. चुना एकसारखा मारला होता, हेही लिहून घ्यावे.

मग हरणाबाई काठी टेकत बघायला आल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मेंढरांमागं रानात आमी बायकाच ढोल बडवायचो. देवानं बघितलंय. नान्याची समिती तवा न्हवती." लोक हसले. तात्या मोटारसायकलला किक मारून थेट इथे आले.

यापुढे त्या भिंतीवर काही काढणार नाही असे लिहून दिल्यास तक्रार मागे घेतो, असे तात्यांचे म्हणणे आहे. तसे मला लिहून देता येत नाही. कारण हरणाबाईंनी जाताना बजावले आहे, "माझं नाक लय मोठं केलंयस रं पोरा. गाडी धरायच्या आदी बारीक कर." त्याला ओला चुना लागतो. तेवढा तात्यांनी मारून द्यावा, ही विनंती.

हवालदारसाहेबांनी हे सर्व मोठ्याने वाचले. मी सांगितले तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे, म्हणून सही करतो. बाकावरून तात्यांनीही ऐकले. ते एवढेच म्हणाले, "आयनं सांगितलंय व्हय? मग चुना भिजत घालतो."