पिसांचं गाठोडं

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बापलेक बसले होते. लेकीच्या मांडीवर जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता.

“बाबा, अल्युअर म्हणजे?”

“भुरळ घालणे.”

“ते झालं. पण मूळ बघ ना. पाळलेला ससाणा लांब उडाला, की पिसांचं गाठोडं दोरीला बांधून फिरवायचे. त्याला म्हणायचे ल्युअर. ते बघून तो परत यायचा.”

“बरं डोकं चालवलंय.”

“आई महिनाभर मावशीकडे जाऊन बसलीये. तू काय फिरवलंस?”

“फोन केला होता की परवा.”

“काय बोललास?”

“इस्त्री कुठे ठेवलीस, असं विचारलं.”

“धन्य आहेस! मग?”

“कपाटावर बघा म्हणाली, आणि ठेवून दिला.”

“सापडली?”

“हरवली कुठे होती? माझ्या हातातच होती.”