थोरलीचं पातेलं

हो, मीच ती. लाजताय कशाला, ताई — "ती पातेलं उलटवणारी बाई कुठं बसते" असंच विचारत आलात ना? तिकीट खिडकीवरच्यानं सांगितलं असणार. तो सगळ्यांना सांगतो, आवडीनं सांगतो, दरवर्षी पातेलं जरा मोठं करून सांगतो. बसा. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, जरा डावीकडे झुकून बसा — हां, अस्सं. मासे आत्ताच तव्यावर टाकलेत, मंद आचेवर दहा मिनिटं तरी लागतील. गडबड असेल तर शेजारी रस्सा तयार आहे, शिंपल्यांचा. शेजारी कोण? माझी जाऊ. तिच्याकडे नका जाऊ असं मी मुळीच म्हणणार नाही, रस्सा उत्तम असतो तिचा. हे मी म्हटलं असं मात्र तिला सांगू नका. ही मधली ताडपत्री दिसतेय ना, तिच्या पलीकडेच ती उभी आहे, पण आम्ही बोलत नाही. बारा वर्षं झाली.

भांडण? छे, भांडण कसलं, फोटो! आधी आमचा दोघींचा मिळून एकच गाळा होता — ती थोरली, मी धाकटी, अख्खं गाव अजून याच नावांनी हाक मारतं. शरद ऋतू लागला, समुद्र शांत झाला, की इथे धक्क्यावर चार दिवस हा मासळी महोत्सव. आमच्या रश्शाला पहिलं बक्षीस मिळालं आणि पेपरात फोटो आला. त्यात थोरली ही एवढी, हसरी, हातात डाव — आणि कडेला माझं कोपर. नुसतं कोपर, ताई! खाली छापलं होतं, "एकटीच्या हातची चव". मी विचारलं, जाऊबाई, तुम्ही असं सांगितलंत त्यांना? तर म्हणाली, "मग, चव माझ्याच हातची ना?" आणि पहाटे चारला उठून पोतंभर शिंपले घासले ते कुणी, त्या कोपरानं? बस, तिथं तुटलं. दुसऱ्या वर्षी समितीनं दोन गाळे दिले, पण शेजारीशेजारी. आमचे नवरे सख्खे भाऊ, एकाच बोटीवर जातात, त्यांचं सगळं जिथल्या तिथे. निरोप त्यांच्यामार्फत. "थोरल्या वहिनी म्हणतात, तुझं पाणी आमच्याकडे वाहतंय." "त्यांना म्हणावं, उतार समितीनं केलाय, मी नाही." असा आमचा संसार.

तर पातेलं. गेल्या वर्षीची गोष्ट, स्पर्धेचा दिवस. काय झालं, माझा पाय घसरला. धक्का हा असा ओला, बर्फाचं पाणी सगळीकडे — घसरला पाय, खांदा लागला, उलटलं पातेलं. झालं. एवढीच गोष्ट.

अशा काय बघताय? ... नाही, चुलीवरचं चाळीस लिटरचं पातेलं खांदा लागून उलटत नाही, हे मलाही कळतं. समितीलाही कळलं. म्हणून तर तीन वर्षं स्पर्धेतून बाहेर केलं मला. "द्वेषापोटी", असा शब्द लिहिलाय कागदावर. रस्सा सगळा अध्यक्षांच्या पांढऱ्या बुटांवर, त्यामुळे त्यांना जरा जास्तच तिखट लागला तो. बिचारे मोजे काढून दिवसभर अनवाणी परीक्षण करत होते. हसा हसा, मीही हसले होते. नंतर. घरी जाऊन. आधी रडले, मग हसले.

बरं, सांगते. तुम्ही उद्या परत जाणार ना? नक्की? मग जवळ सरका, हळू सांगते. थोरलीचं नाक म्हणजे काय होतं म्हणून सांगू — बोट अजून बंदरात शिरायची असायची आणि ही धक्क्यावरून सांगायची, आज बांगडा. शिंपले घेताना ओंजळ ओंजळ नाकाशी धरून बघायची, एक जरी मेलेला असला तरी नेमका उचलून फेकायची. आणि गेल्या वर्षी महोत्सवाच्या आधी तिला ताप आला. पंधरा दिवस. ताप गेला, पण जाताना काहीतरी घेऊन गेला. कुणाला बोलली नाही ती. पण मोठे भावोजी आमच्याकडे येऊन गपचूप दोनदा जेवले. त्यांच्या घरी एकदा अळणी, एकदा खारट, तिसऱ्यांदा यांना बोटीवर म्हणाले, "घरी काय चाललंय कळत नाही रे." यांनी मला सांगितलं. मी काय म्हणाले? म्हणाले, बरं झालं, उतरला तोरा. असं म्हणाले मी, ताई. तोंड आहे ते, बोलून जातं.

मग तो दिवस. साठेक माणसं रांगेत, परीक्षक समोर उभे — आधी परीक्षकांच्या वाटीत पडायचं, मग रांगेला, असा नियम. थोरलीनं झाकण काढलं आणि वारं माझ्याकडे आलं. शिंपले खराब. एखादा नव्हे, पोतंच्या पोतं उन्हात राहिलेलं असणार. आता सगळ्या धक्क्यालाच माशांचा वास, त्यात रांगेतल्या माणसाला काय कळणार? आणि ती — ती वाफेवर तोंड धरून उभी, डोळे मिटून, वास घेतल्यासारखं करत! छान हसली. डाव बुडवला. तेव्हा कळलं मला. तिला वास येत नाहीये, चवही नाही. काहीच नाही.

ओरडायला हवं होतं, म्हणता? "खाऊ नका, नासलंय"? विचार आला होता की. पण मग? साठ माणसांसमोर थोरलीच्या पातेल्यात नासका माल! तीस वर्षांचं नाव तिचं, परत कुणी चमचा लावला असता? आणि ते नाक गेलंय हेही चव्हाट्यावर. परीक्षकाची वाटी भरत आली होती. मी ताडपत्री वर केली, शिरले, आणि दोन्ही हातांनी — हो, दोन्ही हातांनी, टॉवेल घेऊन — दिलं लोटून. तिच्या अंगावर उडू नये म्हणून पुढच्या बाजूला. अध्यक्ष तिथं उभे राहिले, त्याला मी काय करू?

काय बोलली नाही ती मला! बारा वर्षांत पहिल्यांदा बोलली आणि ते हे असं — "जळकी" काय, "घरभेदी" काय. म्हणजे अकरा वर्षांत, तेव्हा अकरा झाली होती. म्हटलं, म्हणू दे. माझं काय, धाकटीचं नाव ते, चार दिवस डाग राहील. पण संध्याकाळी मोठे भावोजी सांडलेलं धुवायला बसले. एक शिंपला उचलला, नाकाशी नेला, आणि परत एकदा नेला. मग माझ्याकडे बघितलं. घरी काय बोलले तिला, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तवा तापवतेय, तर ताडपत्रीच्या खालून एक हात आला. हातात चमचा, चमच्यात रस्सा. मी चाखला. मीठ कमी. आता सांगायचं कसं, बोलत तर नाही! म्हणून फळीवर एकदा ठोकलं. हात गेला, परत आला. बरोबर झालं होतं. दोनदा ठोकलं. तेव्हापासून असंच चाललंय. शिंपलेही टोपलीतून येतात, मी हुंगून देते, खराब ते बाजूला. घरून डबाही येतो कधी, वर झाकणाला चमचा बांधून. एक वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, येईल परत वास, किंवा नाही येणार. आता आपण त्यांना काय — आणि मला काय वाटतं सांगू का, ताई, मला वाटतं, नाहीच आला तर — म्हणजे असं नाही की मला — पण सकाळी तो हात येतो ना खालून —

काय?

तुम्ही बोललात? नाही ना? मग कोण म्हणालं, "अगं, करपतंय"?

अरे देवा, खरंच की! हे बघा, कडेनं काळे झाले, बोलण्याच्या नादात — थांबा, आच बंद करते. पण ताई, धूर तर अजून निघालाही नाही. मधे ही जाड ताडपत्री. तिला दिसलं नाही. दिसणं शक्यच नाही.

ऐका, परत म्हणाली. "धाकटे, तुझे मासे करपताहेत, मला वास येतोय." वास येतोय म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही?

उठा, ताई. नाही, मासे नाहीत आता, काही नाही, गाळा बंद. उठा म्हणते ना! आम्हा दोघींना बोलायचंय.