पुढच्या बाकावरचे पाणीवाले

आमचे आप्पा महापालिकेत नवे विरोधी पक्षनेते झाले, तेव्हाची गंमत ऐका. पुढच्या बाकावर कोण बसणार, यावरून आम्हा नगरसेवकांत लई चुरस. आप्पांनी मात्र प्रत्येकाला एकच विचारलं, "सभेच्या दिवशी तुमच्या नळाला पाणी हाय का?"

मी म्हणलं, "आप्पा, अशी निवड असती व्हय?"

"मग! ज्याच्या घरी पाणी, तो सभा अर्ध्यात टाकून पळणार. मला टिकणारी माणसं पाहिजेत."

आमच्या पुंडलिकनगरात त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून मला थेट पहिली खुर्ची मिळाली.

सभेला आम्ही सगळे पुढं हजर, अन् आप्पांचाच पत्ता नाय. फोन लावला तर तिकडून ओरडले, "आरं, आमचं कालचं पाणी आज आलंय! तू सुरू कर, टाकी भरली की आलोच."

मी उभा राहून गरजलो, "या शहरात पाणी येत नाय!"

महापौरबाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचे नेते कुठं हायत?"

माझ्या शेजारचा भोळा गडी पटकन बोलून गेला, "टाकी भरायलेत, मॅडम."

"म्हंजी पाणी यायलंय," बाई म्हणाल्या. "चला, पुढचा विषय घ्या."